परक्या मुलखात चूल मांडताना

मिरजेहून कोल्हापूरला निघालेली पॅसेंजर हातकणंगले सोडते, रुकडीला थांबते, पंचगंगेवरचा पूल ओलांडते आणि वळिवडे स्टेशनात शिरते. बाहेर पडलं की गांधीनगर. लग्नसराईत आपल्या हातकणंगले तालुक्यातली कितीतरी कुटुंबं बस्ता बांधायला इथे उतरतात. साड्यांचे गठ्ठे, टेम्पो, हमाल, रस्त्यापर्यंत आलेली दुकानं. पेठ दिवसभर गजबजलेली असते. 1943 ते 1948 या काळात याच माळावर सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका आणि मुलं. त्यांना घेऊन आलेल्या आगगाड्या मिरजेवरून, म्हणजे आपल्या हातकणंगले स्टेशनावरूनच पुढे गेल्या. कारण कोल्हापूरला येणारा लोहमार्ग तेव्हा तेवढा एकच होता, आणि आजही तेवढाच आहे.

ही हकिकत आता आपल्या भागात बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. पण ती बहुधा एका वाक्यात उरकली जाते: दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूर संस्थानात पोलिश निर्वासितांना आसरा मिळाला. वाक्य खरं आहे, पण त्यात रोजचं जगणं कुठेच नाही. भाषा येत नाही, हवा अनोळखी, नाणी अनोळखी, घरातला कर्ता पुरुष हजारो मैलांवर लढाईत, अशा बाईनं वळिवड्यात संसार कसा मांडला? दूध कुणाकडून घेतलं, पैसे कसे मोजले, मुलं कुठल्या शाळेत घातली? परदेशी रुळणं हा ज्याच्या त्याच्या जिद्दीचा प्रश्न, असं आपण सहज म्हणून जातो. वळिवड्याचा कारभार बारकाईनं पाहिला की मला तसं वाटत नाही. जिद्द लागतेच, पण रुळण्यातला मोठा वाटा साध्या, कुणाच्या भाषणात न येणाऱ्या व्यवस्थांचा असतो. त्या इथे कशा चालल्या ते एकेक करून पाहू.

आधी ही माणसं कोण होती ते सांगायला हवं. 1 सप्टेंबर 1939 ला जर्मनीनं पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि 17 सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून शिरल्या. पूर्व पोलंडमधली शेतकरी, शिक्षक, वनरक्षक, सैनिक अशांची कुटुंबंच्या कुटुंबं फेब्रुवारी 1940 पासून मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरिया, अर्खांगेल्स्क, कझाकस्तान इकडे हद्दपार झाली. जून 1941 मध्ये हिटलर रशियावरच उलटला. मग स्टालिनला मित्र हवे झाले, लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारशी करार झाला आणि या लोकांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांनी त्यांच्यातूनच सैन्य उभं केलं. 1942 मध्ये सैन्य आणि त्याच्याबरोबरची कुटुंबं कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचली. धडधाकट पुरुष आणि काही तरुणी फौजेबरोबर इराक, पॅलेस्टाईनमार्गे इटलीच्या आघाडीवर गेल्या. उरलेल्यांना ठेवायचं कुठे, हा प्रश्न उभा राहिला. कुणी पूर्व आफ्रिकेत गेलं, कुणी मेक्सिकोत, काही मुलं न्यूझीलंडला. हजारभर मुलांना नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी 1942 मध्ये जामनगरजवळ बालाचडीला ठेवून घेतलं. आणि कुटुंबांची मोठी वसाहत 1943 मध्ये वळिवड्याला वसली.

म्हणजे इथे उतरलेली बाई चार वर्षांत चौथं किंवा पाचवं बिऱ्हाड मांडत होती. घरातलं कुणीतरी वाटेत गेलेलं, पोरं हिवतापानं आणि उपासमारीनं खंगलेली. ही नोकरीसाठी हौसेनं परदेश गाठणारी माणसं नव्हती. पण एक गोष्ट त्यांना नीट कळलेली होती. कुठल्याही ठिकाणी पहिल्यांदा पाणी, मग सरपण, मग शाळा शोधायची.

जागा वळिवड्याची का? कोल्हापूरची उंची समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे मुंबईचा घामट उकाडा इथे नाही आणि उत्तरेकडच्या मैदानासारखी होरपळही नाही. जवळ पंचगंगेचं पाणी, दाराशी रेल्वे, मोकळा माळ आणि चालत जाता येईल अशा अंतरावर मोठं शहर. मुंबईकडून येणाऱ्यांना मात्र पुण्याला गाडी बदलावी लागे, कारण पुणे-मिरज-कोल्हापूर हा मार्ग 1971 पर्यंत मीटर गेज होता.

कारभार तिघांच्या हातात होता. जमीन कोल्हापूर संस्थानाची. राजाराम महाराज 1940 मध्ये निवर्तले होते, गादीवर अल्पवयीन महाराज होते. देखरेख हिंदुस्थान सरकारची. आणि खर्च व अंतर्गत व्यवस्था पोलिश सरकारची, मुंबईतल्या आपल्या वकिलातीमार्फत. तिथले कॉन्सल येवगेनिउश बानाशिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा बानाशिन्स्का यांनी हिंदुस्थानातल्या पोलिश वसाहतींसाठी अपार धावपळ केली. किराबाई पुढे हिंदुस्थानातच राहिल्या. वसाहतीचा रोजचा कारभार पोलिश माणसांकडेच होता, आणि माझ्या मते पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यामुळे सुरळीत झाल्या. तक्रार आपल्या भाषेत सांगता येणं ही फार मोठी सोय आहे.

आता घर. लांबच लांब बैठ्या बराकी, वर कौलं, भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, पुढे व्हरांडा. युद्धकाळात सिमेंट-लोखंडाची टंचाई होती, तेव्हा स्थानिक सामानातून झटपट उभं राहणारं दुसरं काय असणार? तट्ट्याची भिंत उन्हाळ्यात बरी, वारा खेळतो. पावसाळ्यात मात्र ती ओल धरते, आणि शेजारच्या बिऱ्हाडातलं भांडण, खोकला, रडणं सगळं अलीकडे ऐकू येतं. या बराकी आतून कुटुंबांच्या हिशोबानं विभागलेल्या होत्या. प्रत्येक कुटुंबाला स्वतःच्या खोल्या आणि स्वतःचं स्वयंपाकघर.

या स्वयंपाकघरापाशी मला जरा थांबायचं आहे. निर्वासितांच्या छावणीत सामाईक भटारखाना चालवणं प्रशासनाला सोपं असतं. एकदम शिजवायचं, रांग लावायची, वाढायचं. इराणच्या किनाऱ्यावर उतरल्यावर या लोकांना असंच अन्न मिळालं होतं. उपाशी पोटात अचानक मटणाचं तुपट सूप गेल्यानं कित्येक जण आजारी पडले. वळिवड्यात प्रत्येक घरी शेगडी पेटत होती. हाताशी रोख भत्ता मिळत होता. काय आणायचं, किती आणायचं, आज काय रांधायचं, उद्यासाठी काय राखायचं हे त्या घरच्या बाईनं ठरवायचं. तीन वर्षं दुसऱ्यानं दिलेलं मुकाट्यानं खाल्लेल्या माणसाला याची किंमत कळते. मूल आजारी असेल तर त्याला पातळ काहीतरी करून घालता येतं. पाहुणा आला तर त्याच्यापुढे काहीतरी ठेवता येतं. आपल्याकडे वेगळं बिऱ्हाड झालं याची खूण म्हणून वेगळी चूल म्हणतात, ते उगाच नाही.

पण चूल आली की बाजार आला, आणि बाजारात खरी परीक्षा. पोलंडमध्ये एका झुवॉतीचे शंभर ग्रॉश, एका किलोचे हजार ग्रॅम; सगळा हिशोब दशमान. इथे रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे. वजनाला शेर, पावशेर, छटाक. त्यातही धान्य अनेकदा तोलून नव्हे तर मापून मिळायचं. दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. माप शिगोशीग भरायचं की काठाबरोबर, यावरून आपल्याच बायकांची दुकानदाराशी हुज्जत व्हायची, तिथे नव्यानं आलेल्या बाईनं काय करावं?

समजा, बटाटे तीन आणे शेर आहेत आणि तिला अडीच शेर हवेत. किंमत झाली साडेसात आणे, म्हणजे सात आणे आणि दोन पैसे. तिनं रुपया दिला तर परत आले पाहिजेत आठ आणे दोन पैसे. आपल्या आजीला हे बोटांच्या पेरांवर यायचं, कारण तिनं पावकी-दीडकी घोकलेली होती. दशमानात वाढलेल्या बाईला प्रत्येक खरेदीला दोनदा थांबावं लागणार. पहिले काही आठवडे ती कदाचित सरळ रुपया पुढे करत असेल आणि परत येईल ते घेत असेल. मग एक दिवस ती दोन पैसे कमी आल्याचं ओळखते आणि हात तसाच पुढे धरून ठेवते. माझ्या लेखी माणूस परक्या ठिकाणी रुळला, हे ओळखण्याची जागा ही आहे. फसवणूक ओळखता येणं आणि तसं बोलून दाखवता येणं.

इथल्या विक्रेत्यांनीही अर्धी वाट चालून घेतली. वसाहतीत आणि तिच्या कडेनं भाजी, फळं, कापड, किराणा विकणारे आपले लोक भराभर कामापुरतं पोलिश शिकले, हे त्या काळच्या आठवणी सांगणाऱ्यांनी आवर्जून सांगितलं आहे. त्यात नवल नाही. कोल्हापूर-हातकणंगले भागातला व्यापारी कानडी मुलखाच्या सीमेवर वाढलेला. गिऱ्हाइकाच्या भाषेत भाव सांगणं त्याला नवं नव्हतं. पाच हजार माणसांची रोजची खरेदी म्हणजे आसपासच्या गावांसाठी भरवशाची पेठच उभी राहिली होती. दूधवाले, भाजीवाल्या, धोबी, शिंपी, सफाई कामगार, कितीतरी घरांत त्या वसाहतीचा पैसा आला असणार. आश्रय दिला म्हणताना ही बाजू सांगायची राहून जाते.

खाण्याचं जुळवून घेणं हळूहळू झालं असणार. पोलिश ताटातला मुख्य पदार्थ राय या धान्याच्या पिठाचा काळसर पाव. ते धान्य आपल्याकडे पिकत नाही. गहू होता, पण युद्धामुळे धान्यावर नियंत्रण आलेलं. बटाटा, कोबी, बीट ही त्यांच्या ओळखीची मंडळी मात्र इथेही भेटत होती, आणि बीटाचं आंबटसर सूप, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या असे घरचे पदार्थ त्यातून जमतात. दुधाचा प्रश्न वेगळा. त्यांच्याकडे गाईचं दूध, इथे बहुतेक म्हशीचं, दाट आणि जड. खंगलेल्या मुलाच्या पोटाला ते लगेच झेपणार नाही. पाणी घालून, उकळून, साय काढून द्यायचं हे कुणीतरी आधी शिकलं आणि मग बराकीभर झालं. परक्या ठिकाणी बहुतेक ज्ञान असंच पसरतं. सरकारी पत्रक वाचून माणूस जेवढं शिकतो, त्याच्या कित्येक पट शेजारणीकडून शिकतो. आणि त्यासाठी शेजारीण हाकेच्या अंतरावर असावी लागते, तट्ट्याच्या भिंतीपलीकडे.

हवेचं सांगायचं तर ही माणसं सैबेरियाची थंडी सोसून आली होती. इथे त्यांची गाठ जूनच्या पावसाशी पडली. चामडी बुटांना बुरशी, कपड्यांना वास, दारात काळा चिखल. रात्री मच्छरदाणी खाटेच्या गादीखाली नीट खोचून झोपायचं, सकाळी बूट झटकूनच पाय घालायचा, अंधारात काठी आपटत चालायचं, पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. विंचू आणि घोणस आपल्या माळाला नवीन नाहीत. मुलांना याची भीती लवकर गेली, आयांना उशिरा. वसाहतीत दवाखाना होता. छातीच्या दुखण्याची भीती असलेल्या मुलांना पाचगणीच्या कोरड्या हवेत ठेवण्याची सोय केलेली होती. तरी सगळे वाचले नाहीत. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश कबरी आहेत.

शाळा हा वसाहतीचा कणा होता. प्राथमिक शाळा, वर माध्यमिक, त्याही वर महाविद्यालयाची पूर्वतयारी असं सगळं शिक्षण पोलिश भाषेत, पोलिश अभ्यासक्रमानं. पुस्तकं अपुरी, वह्या तोकड्या, पण शिक्षक होते, कारण हद्दपार झालेल्यांत शिक्षक पुष्कळ होते. काही मुलामुलींना इंग्रजी यावं म्हणून पाचगणी आणि इतर ठिकाणच्या कॉन्व्हेंट शाळांत पाठवलं. बाकी सारं स्वभाषेत. यावर कुणी म्हणेल की मग ही माणसं इथे मिसळणार कशी? माझं मत उलट आहे. तीन वर्षं शाळेविना काढलेल्या, बाप दूर असलेल्या मुलाला सकाळी घंटा ऐकू येणं, ओळखीच्या भाषेत गणित सुटणं, वेळापत्रक असणं यातून पायाखाली जमीन मिळते. त्यानंतर तो नदीवर जातो, गावातल्या पोरांशी खेळतो, चार मराठी शब्द तोंडात घोळवतो. घरची भाषा पक्की असलेलं मूल बाहेरची भाषा बिनधास्त उचलतं, हे आपल्या सीमाभागातही दिसतंच.

शाळेबरोबर बालवीर चळवळ होती, चर्च होतं, नाटकं आणि नाचाचे कार्यक्रम होते. बालवीरांचं काम पाहणाऱ्यांत झ्जिस्लाव पेश्कोव्स्की हे सैन्याधिकारी होते. 1940 मध्ये सोव्हिएत पोलिसांनी कातिन व इतर ठिकाणी हजारो पोलिश अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या. त्यातून वाचलेल्या मोजक्यांपैकी ते एक. पुढे ते धर्मगुरू झाले. असा माणूस वळिवड्याच्या माळावर पोरांना तंबू ठोकायला आणि गाठी मारायला शिकवत होता. नाताळ, ईस्टर, 3 मे चा संविधान दिन असे दिवस वसाहतीत साजरे होत. वर्षाला बांध घालणारे सण असले की माणसाला महिने मोजता येतात. मुंबईहून पोलिश पाक्षिक निघे, त्यातून युद्धाच्या बातम्या येत. मे 1944 मध्ये पोलिश सैन्यानं इटलीतलं मोन्ते कासिनो जिंकलं, तेव्हा वळिवड्यातल्या कितीतरी बायकांचे नवरे, मुलगे त्या डोंगरावर होते. विजयाच्या बातमीमागोमाग पत्राची वाट पाहणं आलं.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण ते आपल्या मुलखाचं आहे. हिंदुस्थानात त्या आधीच आलेली, अगदी वेगळ्या रीतीनं रुळलेली दोन पोलिश माणसं होती. वांदा दिनोव्स्का गांधीजींच्या सहवासात आल्या, इथे उमादेवी या नावानं ओळखल्या जात, आणि वळिवड्यातल्या तरुण मुलामुलींना हिंदुस्थानची ओळख करून देण्यासाठी त्यांनी कष्ट घेतले. दुसरे वॉर्सात जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन. साताऱ्याकडच्या औंध संस्थानात 1938-39 मध्ये पंतप्रतिनिधींनी प्रजेला राज्यकारभार सोपवला, त्या प्रयोगामागे फ्रिडमन यांची मोठी प्रेरणा होती. पुढे निसर्गदत्त महाराजांचे मराठी संवाद त्यांनी इंग्रजीत आणले, ते पुस्तक 1973 मध्ये आलं. या दोघांनी 1944 मध्ये पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली. ते स्वतःहून आले होते आणि इथेच राहिले. वळिवड्यातल्या बाईचं तसं नव्हतं. तिच्या मनात परतीची पेटी कायम भरलेली होती.

ती पेटी 1945 मध्ये उघडावी लागली. फेब्रुवारीत याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे जाणार हे पक्कं झालं. वळिवड्यातल्या बहुतेकांची घरं त्याच भागात होती. ल्वूफ आज युक्रेनमध्ये आहे, विल्नो लिथुआनियात. ज्या घरी परतायचं म्हणून मुलांना पोलिश भूगोल शिकवला, ते घर दुसऱ्या देशात गेलं. जुलै 1945 मध्ये ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. वसाहतीचा खर्च करणारं सरकारच कागदावर उरलं नाही. यानंतरची अडीच वर्षं कागदांची होती. फॉर्म, मुलाखती, नातेवाइकांचे पत्ते, वैद्यकीय तपासण्या. पोलंडला परतायचं की नाही, हा निर्णय प्रत्येक कुटुंबाला वेगळा घ्यावा लागला. 1946 मध्ये बालाचडीची वसाहत बंद झाली आणि तिथली उरलेली मुलंही वळिवड्याला आली. संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्था मध्ये पडल्या. 1947 मध्ये ब्रिटननं पोलिश पुनर्वसनाचा कायदा केला आणि सैनिकांच्या कुटुंबांना तिकडे जाता आलं. काही पोलंडला गेले, काही पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत पांगले. 1948 मध्ये वसाहत मोकळी झाली. इंग्लंडला पोहोचलेल्यांपैकी कित्येकांना पहिली काही वर्षं जुन्या लष्करी तळावरच्या पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांत काढावी लागली. तट्ट्याच्या घरातून पत्र्याच्या घरात, आणि रुळणं पुन्हा पहिल्यापासून.

सगळे गेले असंही नाही. एका पोलिश मुलीनं कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केलं आणि ती इथलीच झाली. आणि गेलेल्यांतल्या मुलांनी वळिवडं सोडलं नाही. मोठेपणी त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्थानातल्या पोलिशांचं मंडळ स्थापन केलं, ते पुन्हा पुन्हा कोल्हापूरला आले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातला त्यांच्या आठवणीचा स्तंभ 1998 मधला आहे. वळिवड्यातला स्तंभ सप्टेंबर 2019 मध्ये उभा राहिला. वॉर्सात कोल्हापूरच्या वसाहतीचं स्मारक आहे; तिथे ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या पंतप्रधानांनी फुलं वाहिली. आयांसाठी वळिवडं म्हणजे वाट पाहण्याची जागा होती. मुलांसाठी ते बालपणीचं गाव होतं. एकाच घरात राहून दोन पिढ्या दोन वेगळ्या वेगांनी रुळतात, हे परदेशी गेलेल्या प्रत्येक कुटुंबानं ध्यानात ठेवावं. मूल मागे राहिलंय की आई, याचा अंदाज चुकला की घरात भांडणं सुरू होतात.

पोलिश गेले त्याच सुमारास फाळणीनंतरचे सिंधी निर्वासित याच बराकींत आले. देश त्यांचा, पण मुलूख पूर्ण परका. भाषा वेगळी, जेवण वेगळं, हवा वेगळी. पोलिशांच्या मानानं त्यांच्यामागे कुणा परदेशी सरकारचा पैसा नव्हता. पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून स्पष्ट होती: परत जाणं नाही. म्हणून त्यांनी शाळेच्याही आधी दुकान मांडलं. फेरी, हातगाडी, छोटा गाळा, मग घाऊक व्यापार. शेजारी इचलकरंजी. तिथे पहिला यंत्रमाग 1904 मध्ये आला होता आणि कापड मुबलक निघत होतं. वसाहतीचं गांधीनगर झालं, आणि गांधीनगरची पेठ आज दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातल्या दुकानदारांना माल पुरवते. जागा तीच, बराकी त्याच. एका समाजानं तिथे शाळा आणि रंगमंच उभा केला, दुसऱ्यानं बाजार. राहायचं किती दिवस, या प्रश्नाच्या उत्तरावर माणूस कुठे श्रम ओततो ते ठरतं.

आता आपली मुलं निघालेली आहेत. हातकणंगले, पेठ वडगाव, हुपरी, इचलकरंजी इकडची पोरं जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला शिकायला, नोकरीला जातात. जर्मनीचंच घ्या. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते, आणि त्या नोंदीवाचून बँक, करक्रमांक अशी पुढची कामं अडतात. आरोग्य विमा सक्तीचा. रविवारी दुकानं बंद, म्हणजे शनिवारी संध्याकाळपर्यंत पीठ-तेल घरात हवं. कचऱ्याचे डबे वेगवेगळे, आणि चुकीच्या डब्यात टाकलं तर शेजारी दार वाजवतो. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे पंचवीस सेंट अनामत असते, बाटली यंत्रात परत टाकली की ते मिळतात. मुलाला निरोप देताना आपण लोणची, मसाले, देवाचा फोटो सगळं देतो. त्याबरोबर हा क्रमही द्यावा: आधी पत्त्याचा कागद, मग स्वतःचा स्वयंपाक, मग नाण्यांचा हिशोब तोंडपाठ, मग भाषेचा वर्ग. मित्र नंतर आपोआप होतात. पहिले सहा महिने खोलीवर कुकरची शिट्टी वाजली पाहिजे, यावर पालकांनी फोनवर जोर दिला तर बिघडत नाही.

आणि दुसरी बाजू. आपल्या तालुक्यात माणसं येतही आहेत. शिरोलीची औद्योगिक वसाहत, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत, इचलकरंजीतले माग, इथे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची कुटुंबं राबत आहेत. त्यांचा देश बदललेला नाही, तरी हवा, भाषा, भाकरी सगळं बदललेलं आहे. वळिवड्यात जे लागलं तेच त्यांना लागतं: वेगळी चूल मांडता येईल अशी खोली, बाजारात चोख हिशोब, कागद, आणि मुलांची शाळा. रेशनचं म्हणाल तर ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत गावाकडच्या कार्डावर इथल्या दुकानातून धान्य मिळतं. हे पुष्कळांना कुणी सांगितलेलंच नसतं. शाळेचं तर त्याहून सोपं आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये झाला, आणि जन्माचा पुरावा नाही किंवा जुन्या शाळेचा दाखला नाही या कारणानं पहिली ते आठवीच्या वयातल्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. तुमच्या गल्लीत, तुमच्या भाड्याच्या खोलीत असं मूल दिवसभर घरी बसलेलं दिसत असेल, तर वर्षाच्या मध्यातही त्याला प्रवेश मिळतो. त्याच्या आईला बरोबर घेऊन जवळच्या जिल्हा परिषद शाळेत एकदा जाऊन या. मुख्याध्यापकांशी चार वाक्यं मराठीत बोलणारं माणूस तेवढं तिला हवं असतं.